योजना फुकट, ओटीपी वावरात

सकाळचे अकरा. झेरॉक्सच्या दुकानात संगणकापुढे एक पोरगा बसलाय. महास्वयम संकेतस्थळावर नोकरीसाठी नाव नोंदवायचंय. आधार क्रमांक टाकला, बटण दाबलं आणि ओटीपी गेला बापाच्या मोबाइलवर. बाप वावरात, पाठीवर फवारणीचा पंप, मोबाइल सदऱ्यासकट बांधावर. पोरगा तीनदा फोन लावतो, तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते. दुकानदार म्हणतो, "संध्याकाळी ये." संध्याकाळी लाइट जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि दुकानदाराचे पैसे दोनदा.

नांदुरा तालुक्यातल्या वडनेर भोलजीसारख्या महामार्गावरच्या मोठ्या गावातही हे नवं नाही. सरकारी पत्रकात लिहिलेलं असतं 'नोंदणी विनामूल्य', आणि ते खरंच असतं. पण त्या फुकट नोंदणीपर्यंत पोचायला लागणारा पैसा पत्रकात छापत नाहीत. करोनाच्या दोन वर्षांत तरुणांसाठीचे रोजगार कार्यक्रम खिडकीवरून मोबाइलवर गेले, आणि खिडकीमागचा बराचसा खर्च आपल्या घरात येऊन बसला. साथ सरली तरी तो परत गेलेला नाही. म्हणून हा हिशेब: कशाला किती लागतं, कुठे एक रुपयाही लागत नाही आणि वडनेरच्या घरानं खिशात किती ठेवून बाहेर पडावं.

२०२० मध्ये काय बदललं?

पूर्वी 'सेवायोजन'ला, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, नाव घालायचं तर बुलढाण्याला जायचं. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही. वडनेरहून नांदुरा किंवा मलकापूर गाठायचं, तिथून मोताळामार्गे राजूर घाट चढायचा, दिवस मोडायचा. नोंदणी महास्वयमवर आली ती साथीच्या आधीच, पण मेळावे, मुलाखती, प्रशिक्षण माणसांसमोर माणसं बसूनच व्हायचं. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी आली. एसटीची आंतरजिल्हा वाहतूक सुरू व्हायला २० ऑगस्ट उजाडला. आयटीआय बंद, कौशल्य केंद्रं बंद, रोजगार मेळावे बंद.

मग कार्यक्रमांनी रूप बदललं. ६ जुलै २०२० ला राज्य सरकारनं 'महाजॉब्स' हे संकेतस्थळ काढलं. परराज्यातले कामगार गावी गेल्यानं रिकाम्या झालेल्या जागा आणि इथली बेकार पोरं यांची गाठ घालायची, हा हेतू. १७ क्षेत्रांतले ९५० व्यवसाय त्यात होते, आणि अट होती महाराष्ट्राच्या अधिवासाची. रोजगार मेळावे ऑनलाइन भरू लागले, मुलाखत व्हिडिओ कॉलवर आली. केंद्राच्या 'नॅशनल करिअर सर्व्हिस'वर मुलाखतीची तयारी, बोलणं-चालणं असे अभ्यासक्रम फुकट मिळू लागले.

कर्जाच्या योजनांनीही वाट आखूड केली. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातला अर्ज आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाऊन पडून राहायचा. एप्रिल २०२० मध्ये केंद्रानं ती पायरीच काढली, खादी आयोगानं अर्ज तपासून थेट बँकेकडे पाठवायचा, असं ठरलं. १ जुलै २०२० पासून लघुउद्योगाची 'उद्यम' नोंदणी केवळ आधारवर आणि विनाशुल्क होऊ लागली. त्याच वर्षी मे महिन्यात आधारवरून मिनिटांत मिळणारं ई-पॅनही रीतसर सुरू झालं.

२०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन द्यायला, नमुने घ्यायला माणसं कमी पडली, तेव्हा प्रशिक्षणानंच दवाखान्याची वाट धरली. केंद्रानं १८ जून २०२१ ला १ लाख तरुणांसाठी सहा कामांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम काढले. घरी रुग्णाची काळजी घेणं, नमुने गोळा करणं, वैद्यकीय उपकरणं सांभाळणं ही त्यांतली काही. राज्यानं 'मुख्यमंत्री महाआरोग्य' कार्यक्रम आखला.

एक गोष्ट मात्र महाराष्ट्राच्या वाट्याला आली नाही. गावी परतलेल्या मजुरांसाठी केंद्रानं २० जून २०२० ला गरीब कल्याण रोजगार अभियान सुरू केलं. त्यात सहा राज्यांतले ११६ जिल्हे होते, महाराष्ट्रातला एकही नव्हता. पुण्या-मुंबईहून बुलढाण्यात परतलेल्या पोरांना हाताशी होती ती रोजगार हमी. २०२०-२१ चा दर दिवसाला २३८ रुपये, आदल्या वर्षी तो २०६ होता. पदवीधर पोरंही त्या वर्षी हजेरीपटावर दिसली तर त्यात नवल नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात ज्या राज्यानं हमीची कल्पना रुजवली, त्याला पुन्हा तिचाच आधार घ्यावा लागला.

कागदांना किती?

कुठल्याही योजनेची सुरुवात कागदांपासून. सेतू म्हणा, आपले सरकार सेवा केंद्र म्हणा, तिथले दर ठरलेले असतात आणि दरफलक दिसेल असा लावणं बंधनकारक असतं. साथीच्या काळात उत्पन्न किंवा अधिवासाच्या दाखल्याला ३३ रुपये ६० पैसे पडत. २०२५ मध्ये दर वाढले. आता धरून चाला असं:

• उत्पन्नाचा दाखला: ६९ रुपये
• वय-अधिवासाचा दाखला: ६९ रुपये
• जातीचा दाखला: १२८ रुपये (आधी साधारण ५७)
• नॉन-क्रिमिलेअर: १२८ रुपये (आधी साधारण ५७)
• आधारला मोबाइल क्रमांक जोडणं किंवा बदलणं: ७५ रुपये (१ ऑक्टोबर २०२५ आधी ५०)
• ई-पॅन: फुकट. छापील कार्ड घरपोच हवं असेल तर १०७ रुपये
• असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी: फुकट. सेवा केंद्रातून माहिती बदलायची असेल तर २० रुपये
• उद्यम नोंदणी: फुकट

या यादीतला पहिला खर्च करायचा तो आधारच्या ७५ रुपयांचा. पोराच्या आधारला पोराचाच मोबाइल क्रमांक जोडा. सुरुवातीला सांगितलेला अख्खा गोंधळ एवढ्या एका कामानं मिटतो. महास्वयम, उद्यम, ई-पॅन, भविष्यनिर्वाह निधी, सगळ्यांचं कुलूप त्या एका क्रमांकानं उघडतं. हे काम आधार केंद्रात जाऊन, बोट लावून होतं.

दाखल्यांसाठी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. राज्यानं २०१५ मध्येच त्याची सोय केली आहे. कुणी आधी स्टॅम्प पेपर आणा म्हणालं, तर तो कुठल्या नियमानं, ते लेखी मागा. पावतीवर दाखला मिळण्याची तारीख बघून घ्या. लोकसेवा हक्क कायद्यानं मुदत ठरलेली आहे, ती उलटली तर अपील करता येतं आणि अपिलाला वकील लागत नाही.

मोबाइलला किती?

ऑनलाइन वर्गाचा हिशेब पोरं करत नाहीत, घरचे करतात. व्हिडिओ वर्गाला तासाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा जातो. रोज दीड जीबीच्या प्लॅनवर दीड ते तीन तासांत दिवसाचा कोटा संपतो. घरात एकच स्मार्टफोन आणि धाकटीची शाळाही त्यावरच असली, तर कोण मागे राहतं ते सांगायला नको.

टाळेबंदीत जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा प्लॅन १९९ रुपयांना होता. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर तोच २९९ चा झाला. तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमाला तीन रिचार्ज धरले तर तेव्हा ५९७, आता ८९७ रुपये. 'फुकट ऑनलाइन प्रशिक्षण' या शब्दांपुढे हा आकडा स्वतःच्या हातानं लिहून ठेवा. नोंदणीआधी एकच प्रश्न विचारा: वर्ग थेट भरतो, की ध्वनिचित्रफीत उतरवून नंतर बघता येते? उतरवता येत असेल तर खर्चही कमी, आणि रेंज गेली म्हणून गैरहजेरीही पडत नाही.

प्रशिक्षणाला किती?

इथं फसवणूक सर्वांत जास्त, म्हणून आधी ठाम यादी. यांना शुल्क नाही:

पंतप्रधान कौशल्य विकास योजना. तिचा तिसरा टप्पा साथीतच, १५ जानेवारी २०२१ ला सुरू झाला आणि त्यात अभ्यासक्रम ठरवताना जिल्हा कौशल्य समित्यांना वजन आलं. प्रशिक्षण आणि परीक्षा, दोन्ही मोफत.

दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना. वय १५ ते ३५, ग्रामीण गरीब घरांतल्या मुलामुलींसाठी. केंद्र निवासी असेल तर राहणं-जेवणही योजनेतून. केंद्र बाहेरच्या जिल्ह्यात असू शकतं, म्हणून जाण्याचं भाडं आणि पहिल्या आठवड्याचे हातखर्चाचे हजारेक रुपये जवळ हवेत.

आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. ही जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची, आपल्याकडे सेंट्रल बँकेची. शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, शेळीपालन, वायरिंग असे काही दिवसांपासून सहा आठवड्यांपर्यंतचे वर्ग. चहा-जेवणासकट सगळं मोफत, आणि नंतरची दोन वर्षं संस्थेनं विचारपूस करायची असते. स्वतःचा धंदा काढणाऱ्यानं पहिल्यांदा इथं जावं, कारण बँकेच्या दारात हे प्रमाणपत्र बोलतं.

पैसे लागतात ते असे. आयटीआय प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जाला राखीव प्रवर्गासाठी १०० आणि खुल्या प्रवर्गासाठी १५० रुपये. एमएस-सीआयटी हे संगणकाचं प्रमाणपत्र पाच हजारांच्या घरात. ते बऱ्याच सरकारी नोकऱ्यांत मागतात, पण हॉटेल, गोदाम, जिनिंगमधल्या कामाला लागत नाही. तेव्हा आधी जाहिरात वाचा, मग फी भरा.

शिकता शिकता किती मिळतं?

खर्चाच्या वहीत जमेची बाजूही असते. शिकाऊ उमेदवाराला, ज्याला सगळे 'अप्रेंटिस' म्हणतात, २०१९ च्या नियमांप्रमाणे शिक्षणानुसार महिना किमान ५,००० ते ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं. टाळेबंदीत कारखाने बंद पडले तेव्हा शिकाऊंना पूर्ण विद्यावेतन द्या, असं केंद्रानं आस्थापनांना मार्च २०२० मध्येच कळवलं होतं. हे कित्येकांना वर्ष उलटल्यावर कळलं. धडा साधा आहे: करारपत्राची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि विद्यावेतन रोखीत घेऊ नका, खात्यावरच घ्या.

२०२४ पासून राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. वय १८ ते ३५. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. सुरुवातीला सहा महिन्यांची मुदत होती, ती नंतर अकरा महिन्यांची केली. नोंदणी महास्वयमवरच. इथं जागा निवडताना डोकं लावा. बुलढाण्यात खोली आणि खानावळ धरली तर बारावीवाल्याच्या सहा हजारांतलं फार काही उरत नाही. तेच काम नांदुऱ्यात किंवा गावच्या शाळेत, ग्रामपंचायतीत मिळालं तर बहुतेक पैसा घरात येतो. एसटीचं भाडं दर ६ किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. जानेवारी २०२५ मध्ये ते सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं, पण १७ मार्च २०२३ पासून बायांना-मुलींना निम्मंच तिकीट आहे. काळीपिवळीत ती सवलत नाही, म्हणून मुलींनी बसची वेळ धरून ठेवलेली बरी.

खासगी नोकरी लागली तर पहिल्या महिन्यात यूएएन, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याचा क्रमांक, मागा. साथीत, १ ऑक्टोबर २०२० पासून, आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत १५,००० पेक्षा कमी पगाराच्या नव्या कामगाराचा १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी दोन वर्षं केंद्रानं भरला. १२,००० पगारावर महिन्याला १,४४० रुपये हातात जास्त. लहान-मध्यम आस्थापनांचा मालकाचा हिस्साही सरकारनंच भरला. ज्यांच्या मालकानं नोंदणीच केली नाही, त्यांना काहीच मिळालं नाही. केंद्राची आताची योजनाही त्याच वाटेनं जाते. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ दरम्यान पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याला १५,००० रुपयांपर्यंत रक्कम दोन हप्त्यांत मिळते. यूएएन नाही तर रक्कमही नाही.

स्वतःचा धंदा काढायला किती?

समजा, गावात पीठगिरणी आणि मिरची कांडप टाकायचंय. प्रकल्प २ लाखांचा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागासाठी हिशेब असा पडतो:

• खुल्या प्रवर्गातला पुरुष: स्वतःचे १० टक्के म्हणजे २०,०००, बँकेचे १,८०,०००, अनुदान २५ टक्के म्हणजे ५०,०००
• महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक: स्वतःचे ५ टक्के म्हणजे १०,०००, बँकेचे १,९०,०००, अनुदान ३५ टक्के म्हणजे ७०,०००

अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावानं ठेव म्हणून राहतं, आणि धंदा चालू दिसला तरच कर्जात वळतं होतं. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. म्हणजे पहिल्या माणसाला प्रत्यक्षात १,३०,००० फेडायचे. ११ टक्के व्याज आणि पाच वर्षं धरली तर हप्ता साधारण २,८२५ रुपये, आणि पाच वर्षांचं व्याज ३९,५०० च्या आसपास. रोजचे ९४-९५ रुपये फक्त हप्त्याला. गिरणीवर रोज किती पायल्या दळण येईल, हा प्रश्न बँकेआधी आपल्या आईला विचारा. गावातलं दळण तिला बँकेपेक्षा जास्त ठाऊक असतं.

राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ चा. त्याच्या मूळ नियमांत अनुदान १५ ते ३५ टक्के, वय १८ ते ४५ आणि काही प्रवर्गांना पाच वर्षांची सूट होती. दोन्हींतली एकच योजना घेता येते. याहून लहान काम असेल तर मुद्रा कर्जाचा 'शिशु' गट बघा, ५०,००० पर्यंत, तारण नाही. अनुदानही नाही, हे विसरू नका. नांदुरा शहरात हातगाडी लावणाऱ्या आसपासच्या गावकऱ्याला जून २०२० मध्ये आलेल्या स्वनिधी योजनेतही जागा होती, कारण तिथं गाडी शहराच्या हद्दीत लागते की नाही हे बघितलं गेलं, राहणं कुठं याला आडकाठी नव्हती. वडनेरच्या फाट्यावर टपरी लावणारा मात्र त्यात बसत नव्हता.

हप्त्याबद्दल साथीचा एक महागडा धडा. मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते थांबवायची मुभा रिझर्व्ह बँकेनं दिली, तेव्हा 'सहा महिने माफ' अशी हवा झाली होती. माफ काहीच नव्हतं. १,३०,००० च्या थकबाकीवर ११ टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याजच ७,१५० रुपये होतं. केंद्रानं पुढं भरून दिलं ते फक्त व्याजावरचं व्याज. उद्या पुन्हा कसलं संकट आलं आणि सवलत मिळाली, तर झेपत असेल तेवढा हप्ता भरत राहा.

कुठं एक पैसाही द्यायचा नाही?

१. महास्वयम, नॅशनल करिअर सर्व्हिस, ई-श्रम, उद्यम यांच्या नोंदणीला. दुकानदार टंकलेखनाचे ५०-१०० घेतो ती त्याची मजुरी. सरकारी फी म्हणून सांगत असेल तर पावती मागा.

२. रोजगार मेळाव्याच्या प्रवेशाला, मुलाखतीला, 'सिक्युरिटी डिपॉझिट'ला, गणवेशाला. खरी कंपनी नोकरी द्यायला पैसे मागत नाही.

३. 'कर्ज मंजूर झालं, फाइल चार्ज पाठवा' असं म्हणणाऱ्याला. रोजगार निर्मिती कार्यक्रमाला कुणी एजंट नेमलेला नाही. प्रकल्प अहवालाचे नमुने खादी आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

४. उद्यमसारख्या दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांना. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर तिथंच थांबा.

पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. महास्वयमच्या अडचणीसाठी १८००-१२०-८०४० हा टोल फ्री क्रमांक आहे.

मग खिशात किती?

नोकरी शोधणाऱ्या एका पोराचं किंवा पोरीचं अंदाजपत्रक असं: आधारला मोबाइल जोडणं ७५, उत्पन्न आणि अधिवास १३८, जात आणि नॉन-क्रिमिलेअर २५६, झेरॉक्स-फोटो १५०, एक रिचार्ज २९९, दोन अर्जांची भरणावळ २००. बेरीज १,११८ रुपये. खुल्या प्रवर्गात ८६२. यात बुलढाण्याची एक फेरी आणि तिचा बुडालेला रोज मिळवा. फेरी अजूनही चुकत नाही, कारण अर्ज ऑनलाइन गेला तरी 'हार्ड कॉपी घेऊन या' हे वाक्य साथीतूनही जगलं. फक्त सरकारी शुल्कं मोजली तर साथीच्या काळात जी कामं सुमारे २३० रुपयांत भागत होती, त्यांना आता ४६९ लागतात. म्हणून एकेका कागदासाठी हेलपाटे न घालता सगळे दाखले एकाच फेरीत काढा, आणि प्रती मोबाइलमध्ये डिजिलॉकरवर ठेवा.

आणि या सगळ्याची सुरुवात ७५ रुपयांनी करा. पुढचा ओटीपी पोराच्या स्वतःच्या खिशात वाजेल, आणि बापाला पंप पाठीवरून उतरवावा लागणार नाही.